घरची पाली

आमच्या घरात माणसं चार होती आणि भाषाही चार. भांडण पेटलं की त्या चारही एकदम सुटायच्या, आणि बोळातून जाणारा माणूस पाय थांबवून आत नेमकी किती बिऱ्हाडं आहेत याचा अंदाज घ्यायचा. पहिली भाषा दादांची. दादा म्हणजे माझे वडील. आत्या त्यांना दादा म्हणायची म्हणून मीही बोलायला लागल्यापासून दादाच म्हटलं, आणि ते सुधारायची कुणाला गरज वाटली नाही. ते हिंगोलीच्या मोंढ्यात हळद तोलायला होते. संध्याकाळी घरी आले की हळदीचा वास आणि मोंढ्याची बोली, दोन्ही त्यांच्याबरोबर आत यायचं. थोडंफार शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दूत. त्यामुळे त्यांना कधी त्रास झाला नाही, तकलीफ झाली. त्यांनी कधी अर्ज केला नाही, दरखास्त दिली. दुसरी भाषा मायची. माय वाशीमकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या तोंडून 'मला' काही निघालं नाही. 'मले' आणि 'तुले' तिने माहेरच्या पितळी भांड्यांसारखे जपून ठेवले होते. तिसरी भाषा माझी, शाळेतली, जिच्यात 'न्हाई' म्हटलं की बाई पट्टी दाखवायच्या. आणि चौथी कुसुमआत्याची. ती कोणती हे सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, आणि लिहायच्या आधीच मला हसू येतं आहे, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

कुसुमआत्या दादांची धाकटी बहीण. आजी-आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले, म्हणून दादांनीच तिला लहानाची मोठी केली, मॅट्रिक होऊ दिलं, आणि त्यानंतर ती वस्तीतल्या बालवाडीत पोरांना गाणी शिकवायला जायला लागली. सावळी, उंच, आणि एकदा हसायला लागली की थांबायची नाही. तिचं हसणं हा आमच्या घरातला गंभीर विषय होता. त्यापायी दोन स्थळं गेली होती. एका ठिकाणाहून निरोप आला, "पोरगी चांगली हाय, पन लई हसते." दुसऱ्या वेळी पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने बशीतला चहा फुरकताना असा काही सूर लावला की ही जी स्वयंपाकघरात पळाली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. आतून फक्त भांडी पडल्याचे आवाज येत राहिले. दादा कपाळाला हात लावून बसले. माय मात्र नणंदेच्या बाजूने उभी राहिली. "हासली तं काय झालं? रडत बसली असती तं पालखीत बसवून नेली असती काय?" आता विचार करते तेव्हा वाटतं, नणंदेच्या हसण्याचं एवढं कौतुक करणारी भावजय मी पुढे कुठेच पाहिली नाही, माझ्या सासरी तर नाहीच नाही.

आत्याला शब्दांचं वेड होतं. लोक काड्यापेट्यांवरची चित्रं जमवतात, आत्या शब्द जमवायची. वहीबिही काही नाही. तिचं म्हणणं असं, की लिहून ठेवलेला शब्द आळशी होतो. नवा शब्द सापडला की दिवस बुडायच्या आत तो वापरायचा, आणि खराखुरा वापरायचा, उगाच तोंडी लावायचा नाही, असा आमचा दोघींचा नियम होता. 'मायंदाळ' सापडला त्या दिवशी मी वर्गात उभी राहून बाईंना म्हटलं, "बाई, आज गणितं मायंदाळ दिली तुमी." पट्टी बसली, पण शब्द माझा झाला. दुष्काळ नुकताच मागे पडला होता. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन लोकांच्या जिभा विटल्या होत्या आणि वावरोवावरी हायब्रीड ज्वारी आली होती. लोकांनी तिचं नाव लगेच घेतलं आणि पोरांना लावून टाकलं. भराभर वाढलेलं, उंच आणि अळणी जे काही असेल ते 'हायब्रेट'. शेजारचा बाळू एका वर्षात दाराच्या चौकटीला लागायला लागला तर माय म्हणाली, "पाह्य, हायब्रेट झालं थे पोरगं." आत्या त्या दिवशी इतकी खूश झाली की तिने जेवताना भात, वरण आणि दादांची नवी चप्पल, तिन्हींना हायब्रेट म्हणून घेतलं.

तिला एखादा शब्द भेटला की तो उलगडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. आमच्याकडे भाकरीबरोबर जे पातळ कालवण करतात त्याला कोरड्यास म्हणतात. आत्या पळी हातात धरून विचारायची, "वहिनी, एवढं पानी घातलंय ह्याच्यात, आन् कोरड्यास काहून?" माय म्हणायची, "कोरड्या भाकरीले लावाचं म्हणून कोरड्यास. तुले मॅट्रिक कोनं केलं वं?" पण खरी गंमत झाली ती शेजारी नव्याने राहायला आलेल्या नाशिककडच्या बाईंची. मायने त्यांना हाक मारून सांगितलं, "कोरड्यास देतो, भांडं आना." बाईंनी कोरडं म्हणजे चटणी वगैरे समजून बशी आणली. मायने त्यात पळीभर उकळतं येसर, म्हणजे मसाल्याचं पातळ कालवण, ओतलं. येसर बशीतून बाईंच्या हातावर, हातावरून पदरावर, आणि बाई बोळात नाचतायत, आत्या उंबऱ्यात बसून पोट धरते आहे, माय "हासता काय, तूप आना!" म्हणून ओरडते आहे. हात भाजला फारसा नाही. त्या बाई पुढे आमच्या चांगल्या मैत्रिणी झाल्या, पण मायने काही देऊ केलं की आधी "पातळ की घट्ट?" असं विचारून घ्यायच्या.

सुटीच्या दिवशी आत्या मला घेऊन एस्टी स्टँडवर जायची. कुठे जायचं नसायचं. डोंगरकड्याच्या, वसमतच्या, वाशीमच्या गाड्यांची वाट बघणाऱ्या बायकांशेजारी जाऊन बसायचं आणि कान लावायचा. फार झालं तर एखादीला विचारायचं, "मावशी, दिवस बुडला का तुमच्याकडं काय म्हनतात?" कुणी म्हणायची कडूसं पडलं, कुणी म्हणायची झाकड पडली. एकदा डोंगरकड्याच्या एका म्हातारीने आत्याकडे वरून खालून पाहिलं, गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाली, "तू त्या आपरेशनवाल्यांची बाई हाईस का गं? माझा नवरा मेलाय, लेक मुंबईला हाय. तुला घावायचं न्हाई कुनी." तेव्हा कुटुंब नियोजनवाल्यांची सगळीकडे धास्ती होती. आत्याने "न्हाई मावशी, मी शब्दवाली," असं सांगितल्यावर तर म्हातारी उठून दुसऱ्या बाकावरच जाऊन बसली.

आणि मग पाली. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. जुने देव घराबाहेर गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही गेले, नवस, अंगारा, अंगात येणं. त्या मोकळ्या झालेल्या जागेत पालीतली वंदना आली. पौर्णिमेला वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमायचे, मेणबत्त्या लागायच्या, आणि ज्यांना स्वतःचं नाव लिहिता यायचं नाही ती म्हातारी माणसं न अडखळता पाली म्हणायची. अर्थ थोड्यांनाच कळायचा, काटा मात्र सगळ्यांच्याच अंगावर यायचा. मी अगदी लहान असताना मला वाटायचं की ही भाषा पालींची आहे, भिंतीवरच्या पालींची. एकदा मी दादांना विचारलंही, "दादा, आपन पालींची भाषा काहून शिकून राहिलो?" दादा न हसता म्हणाले, "त्या पालीजवळ एकच शब्द हाय, लेकरा. चुकचुक. ह्या पालीजवळ मायंदाळ हायेत."

एका पौर्णिमेला विहारातून परत येताना आत्या बोळात मध्येच थांबली आणि तिने माझं मनगट धरलं. "सुजे! गच्छामि म्हंजे काय? मी जाते. तो शेवटचा 'मि' हाय ना, तो मीच हाय गं! बघ की, आपला मी पुढं असतो, ह्यांचा मागून येऊन राहिला!" पालीचा तो 'मि' आणि मराठीतला 'मी' यांचं नातं काय ते पंडितांना ठाऊक. आत्याला मात्र घबाड सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खराटा घेऊन बाहेर आली आणि वंदनेच्याच चालीवर म्हणाली, "अंगणं झाडामि." मी हंडा उचलला आणि म्हटलं, "पाणियं भरामि." त्या दिवसापासून आमच्या घरात चौथी भाषा सुरू झाली. भाकरं थापामि, लुगडं धुवामि, चहां पिवामि. व्याकरण आत्याचं आणि ते फार कडक होतं. 'मि' लावायचा तो कामाला, म्हणजे क्रियापदाला. दुसऱ्या कशाला लावला की ती शब्द परत घ्यायला लावायची. मी एकदा शाळेतून येऊन "भूकामि!" म्हणून ओरडले तर म्हणाली, "भूक हे काय काम हाय का? भूक लागते, आपन करत न्हाई. घे परत." मी परत घेतला, तेव्हा कुठे भाकरी मिळाली.

दुपारची भांडी झाली की आत्या चटईवर आडवी होऊन म्हणायची, "निजामि." एका रविवारी मोंढा बंद होता म्हणून दादा घरात पडलेले होते. आत्या म्हणाली निजामि, मी म्हटलं निजामि, आणि दादा ताडकन उठून बसले. "काय? कोन म्हन्लं निजामी?" रजाकारांच्या दिवसांत दादा पोरगे होते, ज्वारीच्या उभ्या पिकात लपून राहिलेले. आत्याने समजावून सांगितलं की निजामी नाही, निजामि, म्हणजे मी निजते. दादा म्हणाले, "निजामी गेली म्हनून गावात साखर वाटली आमी. आन् ह्या पोरी घरात परत आणून राहिल्या!" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढे रोज जेवण झालं की ते मायला म्हणायचे, "जरा निजामी करून घेतो." 

मायला ही सगळी खरीच पाली वाटत होती. ती नळावर सांगायची, "आमची कुसुमबाई घरात पाली बोलते. झाडता झाडता पाली, भाकरी टाकता टाकता पाली. वंदनेपुरती नाई बरं!" हां हां म्हणता ही बातमी वस्तीभर झाली. म्हातारी माणसं आत्याला बघून उभी राहून जयभीम घालायला लागली. बालवाडीतल्या पोरांच्या आया "आमच्याबी लेकराला शिकवा ना दोन शब्द," म्हणून मागे लागल्या. आत्या कानाची पाळी लाल होईपर्यंत हसू दाबायची आणि घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून मोकळी व्हायची.

तिसरं स्थळ आलं ते हट्ट्याचं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. आई-वडील नसलेला, मामांनी वाढवलेला. मामा जुने कार्यकर्ते, धम्माच्या बाबतीत फार काटेकोर, आणि आवाज असा की घरात बोलले तरी मोंढ्यात ऐकू जावा. दादांनी आत्याला आधीच हात जोडून सांगितलं होतं, "कुसुम, आज हसू नको." आत्या खाली मान घालून चहाचा ट्रे घेऊन आली. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात माय दारातून म्हणाली, "आमच्या कुसुमबाईले पाली येते. बोलते ती." मामांचा चेहरा उजळला. "बोलते? बोल की पोरी!" आत्याच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या, आणि दुसरं काहीच न सुचून ती हळू आवाजात म्हणाली, "पाहुणेयं चहां देमि." मामांनी डोळे मिटून घेतले आणि वंदनेनंतर विहारात म्हणतात तसं म्हणाले, "साधू!" मास्तरांना त्याच क्षणी ठसका लागला. चहा नाकात गेला, डोळे लाल झाले. मामा म्हणाले, "गरम हाय वाटतं." मास्तर म्हणाले, "व्हय." पुढे मामांनी त्यांना खूप टोचलं, "अरे इचार की पोरीला कायबाय," पण मास्तर एवढंच म्हणाले, "न्हाई. बराबर हाय." जाताना मात्र त्यांनी स्वतःची कपबशी उचलून स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. पुरुषमाणसाने बशी उचललेली आमच्या बोळाने तोवर पाहिली नव्हती.

संध्याकाळी आत्या भाकरी थापत होती आणि मी तव्याशी बसले होते. बाहेर दादा आणि माय खुशीत बोलत होते, कारण हट्टेकरांचा होकार तिथल्या तिथे आला होता. आत्या म्हणाली, "सुजे, मानूस वाईट न्हाई गं. बशी उचलली त्यानं. पन त्याच्याजवळ शब्दच न्हाईत. मास्तर असून मुका! वर्गात काय हातवारे करतो काय?" आणि तिने पिठाच्या हातांनी अशी काही खाणाखुणांची बाराखडी करून दाखवली की मी हसून तव्यावर कोसळता कोसळता वाचले. मग तिचा हात थांबला. "दोन शब्द बोलला. त्यातला एक तर चहाला. मी कोनाशी बोलू तिथं? भिताडाशी?" तिचे डोळे भरले होते. घर, दागिना, वावर, यातलं तिने कधी काही मागितलं नव्हतं. तिला नवरा हवा होता तो बोलण्यासाठी. पण दादांच्या तोंडावरचा तो सुटल्याचा आनंद बघून तिने होकार दिला, आणि त्या दिवसापासून ती घरात जास्तच हसायला लागली, एवढं की मायलासुद्धा शंका यायला लागली. मला तिची फार काळजी वाटत होती. न बोलणाऱ्या माणसाच्या घरात माझी आत्या हळूहळू विझून जाईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

लग्न विहारापुढच्या मांडवात होतं. त्याआधी घरात झोप कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. पाहुण्यांची गर्दी, बुंदीचा घाणा, वांगी चिरणं, जात्याचा आवाज. आत्या स्वतःच्या लग्नाची डाळ स्वतः निवडत होती. लग्नाच्या दिवशी पांढरं पातळ नेसून ती उभी राहिली तेव्हा सुंदर दिसत होती, पण झोपेने तिची मान डुलत होती ते मला मागून कळत होतं, कारण मी करवली म्हणून तिच्या पाठीशीच होते. विधी लावणारे बौद्धाचार्य फार भले गृहस्थ. त्यांनी मेणबत्ती लावली, सगळ्यांना शांत केलं आणि म्हणाले, "वधूला पाली चांगली येते असं ऐकतो. मग मी कशाला सांगू? तिनंच म्हनावं, आन् वरानं तिच्या मागं म्हनावं." मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. माय पुढच्या रांगेत होती, तिने मान वळवून सगळ्या बायकांकडे बघून घेतलं.

आत्याला खरी वंदना पाठ होती, त्यात प्रश्नच नव्हता. तिने सुरुवात केली, आवाज स्वच्छ, आणि तिच्या मागून मास्तरांचा जाड, शांत आवाज. पण शीलं घेताना प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच 'समादियामि' येतं, म्हणजे मी स्वीकारते, आणि आमची खोटी पाली नेमकी त्याच चालीवर बसलेली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, मधल्या गेल्या. शेवटची आली. आत्याने एक जांभई गिळली, ती मला स्पष्ट कळली, आणि 'समादियामि'च्या जागी तिच्या तोंडून खणखणीत निघालं, "निजामि."

आत्या दगडासारखी उभी. आता मास्तरांची पाळी. ते एवढंसं थांबले आणि मग त्याच संथ आवाजात म्हणाले, "निजामि."

"साधू, साधू, साधू!" माय एकटीच म्हणाली. आणि मामा उभे राहिले. "थांबा! मांडवात निजामी कोन म्हन्लं?" मागच्या रांगेत एक ऐकायला कमी येणारे आजोबा होते, ते काठी सावरत उठले. "निजामी? रजाकार आले का? पोरींना आत घ्या!" त्यांना धरून बसवेपर्यंत दोन पाट उलथले आणि लहान पोरं रडायला लागली. मला हसू आवरेना म्हणून मी आत्याच्या पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत्या चाचरत म्हणाली, "निजामी न्हाई मामा. निजामि. मी... मी निजते." मामांनी विचारलं, "आत्ता?" मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. पण मामा हसत नव्हते. "धम्माची थट्टा करून राहिली तू, पोरी? लोकांनी काय काय सोसून ही भाषा आपल्याला आणून दिली, आन् तू तिची चेष्टा करते? हे असं लग्न मला मान्य न्हाई." वऱ्हाडातली माणसं चुळबुळायला लागली. दादांनी डोक्यावरची टोपी हातात घेतली, आणि ते बघून माझं हसू जागच्या जागी मेलं.

आत्याने मान वर केली. मला वाटलं आता ती रडेल. "थट्टा न्हाई मामा," ती म्हणाली. "माझ्या मायला कुनी कुठली भाषा दिली न्हाई. मला एक मिळाली. लई गोड वाटली. ती पौर्निमेलाच बोलायची, आन् मग महिनाभर कपाटात ठिवायची का? मी तिला घरी नेली. झाडताना बोलले, भाकरी थापताना बोलले. चुकीचं बोलले असंन. पन लेकरू चुकीचं बोलतं म्हनून माय त्याला घराभायेर काढती का?"

मग मामा मास्तरांकडे वळले. "तू सांग. तू शिकलेला मानूस. औरंगाबादला पालीसाठीच राहिला होतास ना? तुला हे असलं मंजूर हाय का?"

आत्याची मान गर्रकन वळली. पालीसाठी! म्हणजे त्या दिवशी चहा गरम नव्हता. पुढे किती तरी वर्षांनी मास्तरांनी मला सांगितलं की ठसका आत्याच्या चुकीमुळे लागलाच नव्हता. 'पाहुणेयं' आणि 'चहां' ऐकून ते हसू कसंबसं दाबत होते, आणि शेवटचं 'देमि' मात्र अस्सल पाली निघालं, पुस्तकात आहे तसं, तेव्हा त्यांचा श्वास अडकला. पण हे पुढचं. त्या क्षणी मांडवातली सगळी डोकी मास्तरांकडे लागली होती, आणि मास्तर नेहमीसारखेच गप्प. त्यांनी मामांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, वंदनेच्या चालीवर म्हणाले, "मंजूरामि."

आधी दादा हसले. टोपीत तोंड लपवून हसले. मग बौद्धाचार्य, मग बायका, मग ज्यांना काहीच कळलं नव्हतं ते सगळ्यांत जोरात. निजामाचं मंजूर आणि वंदनेचा मि असे एकाच शब्दात नांदताना आमच्या मुलखाने तरी पहिल्यांदाच ऐकले असतील. मला मात्र एक गोष्ट लगेच खटकली. मंजूर हे काही क्रियापद नव्हे. भूकामि म्हटलं तर माझी भाकरी अडवणाऱ्या आत्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि शब्द परत घ्यायला लावला नाही. मामांच्या मिशा थरथरत होत्या. "दोघंबी चुकीचे हायेत," ते म्हणाले, आणि खाली बसले. "लावा लग्न."

जेवणं झाली. बुंदी कमी पडली, वांग्याची भाजी उरली, आजोबांना रजाकार गेल्याचं पुन्हा एकदा सांगावं लागलं. उन्हं कलली तशी वऱ्हाडाची एस्टी बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आता आत्याने रडायला हवं होतं. बायका तिच्याभोवती जमून तिला रडवायचा प्रयत्न करत होत्या, माय तर स्वतः रडून दाखवत होती, "रड ना वं बाई, लोक काय म्हनतीन," आणि आत्याला हसू येत होतं. ती गाडीत चढली, खिडकीशी बसली. मास्तर तिच्या शेजारी. मी खिडकीखाली उभी राहून हात वर केला. आपल्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. आत्याने माझा हात धरला आणि म्हणाली, "येमि, सुजे."

"येम," शेजारून मास्तर म्हणाले.

आत्याने वळून पाहिलं. तिच्या पालीत चूक काढायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. "काय म्हन्ले?"

मास्तर ओशाळले. कानशिलं लाल झाली. मग खाली बघत, सबंध दिवसात बोलले नव्हते एवढं ते एका दमात बोलले. "गच्छामि एकट्याचं असतं. दोघं असले का गच्छाम. येमि न्हाई, येम. दोघं झाले का मग 'मी' राहत न्हाई."

बायकांना जे इतका वेळ जमलं नव्हतं ते झालं. आत्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायला लागली, मोठ्याने, जशी हसायची तशीच, न थांबता. "रडली वं बाई," माय समाधानाने म्हणाली. कंडक्टरने घंटी दिली. आत्याने माझा हात सोडला, पदराने नाक पुसलं आणि मास्तरांकडे तोंड करून म्हणाली, "आनखी सांगा." गाडी हलली. मास्तर सांगायला लागलेले मला खिडकीतून दिसत होते, पण काय सांगत होते ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.